तलावापलीकडचा गळा

सानगडीचा डोमा लाऊडस्पीकरवाला एकटाच रांधतो, एकटाच जेवतो आणि दुपारी खाटेच्या उजव्या कडेला येऊन बसतो. डावी कड त्याच्या बायकोची, बायजाबाईची. तिला जाऊन दीड वर्ष झालं, पण तिकडं सरकून बसायचं त्याच्या मनात कधी आलं नाही.

पन्नास वर्षांपूर्वी डोमानं नागपूरच्या जुन्या बाजारातून लाऊडस्पीकरचा संच आणला, तेव्हा त्यासोबत आलेल्या तबकड्यांत एक इंग्रजी निघाली. साठच्या दशकातल्या कुठल्याशा पोरांची: गिटार, ढोल आणि एक घोगरा गळा. पहिलंच लग्न मिळालं, त्यात मांडव तलावाच्या अलीकडं होता आणि जानवसा पलीकडं. दोन्हीकडं आवाज दणकून जावा म्हणून डोमानं तबकडीच्या यंत्रातून निघणाऱ्या दोन तारा आवाज वाढवणाऱ्या दोन वेगळ्या मशिनींना जोडल्या. एक भोंगा मांडवावर बांधला, दुसरा पार पलीकडच्या चिंचेवर.

आपली गाणी ठीक वाजली. इंग्रजी तबकडी लावली आणि गाणं मधोमध फाटलं. त्या काळी असल्या तबकड्यांत ढोल एका तारेत आणि गळा दुसऱ्या तारेत जाईल असं भरत, हे सानगडीत कोणाला ठाऊक? मांडवात नुसता ढोल वाजू लागला. गळा चिंचेवरून निघाला आणि पाण्यावरून चालत चालत, जरासा उशिरा, मांडवात पोचला.

मांडवात हळद कुटणाऱ्या पोरींमध्ये बायजा होती. तिनं ती चाल तशीच उचलली, ढोलाच्या मागून. पुढं ती लग्न होऊन डोमाच्या घरी आली, ती ही चाल घेऊनच. सडा टाकताना, धान पाखडताना ती गुणगुणायची. शब्द एकही येत नव्हता. म्हातारपणी त्यांच्या लेकीनं, तृप्तीनं, तेच गाणं मोबाईलमध्ये शोधून दिलं, तेव्हा दोघं खाटेवर बसून एकाच तारेची दोन टोकं कानात घालत. उजवं डोमाच्या कानात, त्यात ढोल. डावं बायजाच्या कानात, त्यात गळा. कानात गळा वेळेवर यायचा, तरी बायजा मागूनच उचलायची. डोमा म्हणायचा, म्हातारे, तुझी बस नेहमीचीच लेट. ती हसायची आणि तशीच गायची.

ती गेल्यावर तृप्तीनं पुण्याहून मोठा हेडफोन पाठवला. डोमानं तो दोन्ही कानांवर चढवला. एका कानात ढोल, दुसऱ्यात कोणी परका माणूस. मधात काहीच नाही. उलटा लावून पाहिला, तरी तेच.

मग तो बसनं साकोलीला गेला. तिथं प्रविण लग्नांचे व्हिडिओ जोडतो. त्यानं कॉम्प्युटरवर गाणं घेतलं आणि हसून म्हणाला की लोक या वयात भजनं घेऊन येतात. पण पोरगा कसबी. गळा मधोमध आणून बसवला, ढोल दोन्हीकडं पसरला, गिटार जराशी कडेला ठेवली. हेडफोनवर गाणं कसं आरशासारखं लख्ख झालं.

डोमानं शेवटपर्यंत ऐकलं आणि हेडफोन खाली ठेवला.

"साफ झालं. पण हे आमचं नाही."

"मंग तुमचं कसं होतं, काका?"

डोमानं त्याला तलाव सांगितला, चिंच सांगितली, बायजा सांगितली. प्रविणचं हसू थांबलं. त्यानं गळा ढोलापासून सोडवला आणि हळूहळू मागं सरकवू लागला. डोमा डोळे मिटून सांगत होता.

"तलावाच्या पाळीवर आलं. अजून पलीकडं घे."

प्रविणनं सरकवलं.

"आता पार गोमाजीच्या धानाच्या बांधीत गेलं. लय दूर. इकडं आण."

आणखी चार वेळा मागंपुढं झालं. मग डोमानं हात वर केला. चिंच सापडली होती. तो हात बराच वेळ तसाच वर राहिला, आणि प्रविण दुकानाबाहेरच्या रस्त्याकडं बघत बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तृप्तीचा फोन आला. प्रविणनं तिलाही गाणं पाठवलं होतं. ती म्हणाली, "बाबा, काम चांगलं केलं त्यानं, पण गाणारा ढोलाच्या मागं पडून राहिला. त्याले सांगा, दोन मिनिटांत नीट करून देईल तो."

"राहू दे. मधात तलाव आहे."

"कोणता तलाव?"

डोमा सांगणारच होता. एवढ्या वर्षांत तिला सांगायचं राहूनच गेलं होतं. पण तिकडं कोणी तिला हाक मारली, संध्याकाळी करते म्हणून तिनं फोन ठेवला.

डोमा खाटेच्या उजव्या कडेला बसला. हेडफोन चढवला. ढोल सुरू झाला, आणि पहिला ठोका पडून गेल्यावर तो थोडा थांबला, पाण्यावरून येणाऱ्याची वाट बघत.