पाळीवरचं वाक्य

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. ती दवनीवाड्याच्या बाजूच्या एका खेड्यात राहते आणि मी गोंदियात. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवून मी निवृत्त झालो, पण माझी जीभ काही निवृत्त व्हायला तयार नाही. कुणी शब्दाबद्दल काही विचारलं की ती सुटतेच. या जिभेचं कौतुक मी खूप मिरवलं. हल्ली तिची लाज वाटते.

बाईचा मुलगा परदेशात असतो. त्याची मुलगी तिथेच जन्मली, तिथेच वाढली, आणि तिला मराठीतलं 'आजी' सोडून काही येत नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. नात 'हाय आजी' म्हणायची, बाई 'हाय बेटा' म्हणायची, आणि मग दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसत राहायच्या. शेवटी भाचा फोन आपल्या हातात घ्यायचा. या हसण्याचा बाईला कंटाळा आला. गेल्या उन्हाळ्यात तिनं मला सांगून टाकलं, “बाबू, मी इंग्रजी शिकून रायली. तू हसजो नोको.”

शिकणं म्हणजे फोनवर आवाज भरून पाठवणं. पण तिला पाठ नको होते, तिला भांडण हवं होतं. “सुरीच्या आधी तो के कायले लावते, बोलत नाही तं?” मी सांगितलं की पूर्वी तिकडचे लोक तो उच्चारायचे, क्नाइफ असं काहीतरी. त्यावर तिचं उत्तर, “मंग जीभ थकली असंल त्याइची.” मामा, काका, मावसा सगळ्यांना एकच अंकल काऊन, असंही तिनं विचारलं. तो शब्द ज्या जुन्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ आईचा भाऊ होता, हे कळल्यावर ती भारी खूश झाली. “म्हंजे खरा अंकल तूच,” असं म्हणून तिनं दोन दिवस मला अंकल म्हटलं. मला ते प्रश्न आवडायचे. खरं तर मी त्यांची वाट बघायचो.

एकदा तिनं विचारलं, आपला पोरगा तलावाला टँक कायले म्हणते? टँक तर घरावर असते, काळी, प्लास्टिकची. बाईच्या सासरची माणसं मूळची तलाव बांधणारी. गावचा तलाव आपल्याच पूर्वजांनी बांधला, असं तिथलं शेंबडं पोरही सांगतं. मी म्हटलं, तो शब्द बहुधा आपल्याच बाजूचा. गुजराती-मराठीतलं टाकं, पाणी साठवायचं. ते आधी युरोपातल्या व्यापाऱ्यांच्या तोंडी बसलं असावं आणि मग इंग्रजीत गेलं. जाणकारांत थोडा वाद आहे, पण तू खुशाल आपला म्हण.

 त्यावर तिचा निरोप आला, “हे मी सांगीन पोरीले. मंडईले येतील ना, तवा. तलावाच्या पाळीवर उभी राहून सांगीन. तू मले इंग्रजीत करून दे.”

मी करून दिलं. 'धिस इज अवर टँक. द इंग्लिश टुक द वर्ड फ्रॉम अस.' पूर्ण रोवणीभर, म्हणजे भाताची लावणी चालली तोवर, ती ते घोकत होती. तिच्या निरोपांत मागून धानाच्या बांधीतल्या बायांचं खिदळणं ऐकू यायचं. 'इंग्लिश'वर ती अडखळायची. मग चिडून पुन्हा पहिल्यापासून म्हणायची.

मंडई म्हणजे भाजीची नव्हे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, लेकी-जावई, पाहुणे घरी येतात, रात्री नाटक असतं. भाचा बायको-मुलीला घेऊन आला. मंडईच्या सकाळी आम्ही सगळे तलावाच्या पाळीवर, त्या उंच मातीच्या बांधावर, गेलो. बाई नवं लुगडं नेसली होती. पाण्यात शिंगाड्याचे वेल पसरले होते. नात कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि तिनं आपण होऊन विचारलं, याला टँक का म्हणता, हा तर लेक आहे ना?

बाईनं पदर सावरला. घसा साफ केला. “धिस,” ती म्हणाली, आणि थांबली. पुढचं जुळवत होती.

आणि मी सुरू झालो. टाकं, व्यापारी, जहाजं, सगळं. पोरीचे डोळे मोठे झाले. तिनं दुसरा शब्द विचारला, तिसरा विचारला. तिच्याबरोबर पाळीवरून मी बोलत बोलत पार टोकापर्यंत गेलो. सुरीतला के सांगितला, अंकलचा मामा सांगितला. इतकं चांगलं ऐकणारं मला कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं. मागे वळून पाहिलं तेव्हा बाई लांब, शिंगाडेवाल्याशी भाव करत होती. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

संध्याकाळी ती वडे तळत होती तेव्हा ते डोक्यात आलं. मी म्हटलं, “बाई, आता सांग ना तिला ते तलावाचं.”

“आता काय सांगू? तिले मालूम झालं ना.” ती रागावली नव्हती. रागावली असती तर मी पाय धरले असते.

ते पाहुणे गेल्यापासून बाईचा एकही प्रश्न आलेला नाही. मी नवी वाक्यं पाठवतो, ती 'हो, पाहू' म्हणते. गेल्या रविवारी मी मुद्दाम कॉलच्या वेळी तिच्या घरी गेलो. मी दिसताच पोरीचा चेहरा फुलला. बाईनं फोन माझ्या हातात दिला आणि शेजारी बसून सुपातलं धान निवडू लागली. पोरगी शब्दांचं काहीबाही बोलली, मग तिनं सहज विचारलं, “डज आजी नो एनी इंग्लिश?”

आता तरी फोन बाईच्या तोंडासमोर धरावा म्हणून मी हात वळवला. तेवढ्यात तीच बोलली, सुपातून मान वर न करता.

“नाही मनून सांग तिले.”