मीठ चाखायचं काम
उडदाचा पापड भाजल्याचा वास आला की पेणच्या पापड कारखान्यातलं ते रक्तदाब तपासणीचं शिबिर आठवतं. प्रमुख पाहुणे मिठाविरुद्ध तासभर बोलले आणि जाताना हारासोबत पापडांची पाकिटंही घेऊन गेले. माझ्या मावशीला डॉक्टर म्हणाले, मीठ तोडलं नाही तर लकवा मारेल. पण त्याच कारखान्यात पिठाचं मीठ चाखणं हेच तिचं काम. दुसऱ्या दिवशी तिने चिमूटभर पीठ चाखलं, उठून मोरीत थुंकलं आणि चूळ भरली. "अन्न थुकतेस गो? पाप लागंल," लाटणारी एक बाई म्हणाली. "लागू दे. मी आडवी पडले तर तू येशील काय भरवाया?" मावशी शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने जेवली. परवा माझाही रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टर पथ्य समजावू लागले तेव्हा म्हटलं, राहू द्या, आमच्याकडे मावशी होती.