म्हशीवाल्यानं ऐकलेली उत्तरं

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. रोज सकाळी तो दोन म्हशी घेऊन पंचगंगेच्या घाटाखाली यायचा आणि गवताच्या बोळ्यानं त्यांच्या पाठी घासायचा. मी वरच्या पायरीवर बसून अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या मुलाखतींची उत्तरं इंग्रजीत मोठ्यानं म्हणायचे. आई गेल्यापासून घरात मोठ्यानं बोललं, की मी माझ्याच आवाजाला दचकायचे. बरोबरच्या मैत्रिणी केव्हाच तिकडे पोचल्या होत्या.

"कुणासंगं बोलताय ओ?" पहिल्याच दिवशी तो खालून ओरडला. मी डॉक्टर आहे, मुलाखतीची तयारी करतेय, असं सांगितलं.

"मग म्हणा की. म्हशींची काय तक्रार न्हाय."

तेव्हापासून मी सुरू केलं, की त्याचा हात मंद व्हायचा. इंग्रजीचं अक्षर कळत नसतानाही मान तिरकी करून तो शेवटपर्यंत ऐकायचा. माझं एवढं कुणीच ऐकत नव्हतं.

पहिल्या ऑनलाइन मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी सगळी उत्तरं एकदाही न अडखळता म्हटली. वाटलं, आज शाबासकी मिळणार. त्यानं बोळा पिळला आणि वर बघितलं.

"डॉक्टरबाई, आधी एका जाग्याला तुमचा आवाज दाटायचा. आज न्हाय दाटला. तेवढं काढून टाकलं व्हय?"

काढलं नव्हतं. आयुष्यातला सगळ्यात कठीण प्रसंग कोणता, या प्रश्नाच्या उत्तरात आईचा शेवटचा दिवस होता. तो मी घासून घासून चाळीस सेकंदांत बसवला होता.

"हो," मी म्हणाले, "काढून टाकलं."