कोऱ्या कार्डावरची सही

चाचांबद्दल मी लिहावं एवढी माझी योग्यता नाही, क्षमा असावी. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचा सराव म्हणाल तर कॅम्पातल्या एका तंबाखूच्या दुकानात कार्डं लिहिली, तेवढाच. पण राग जात नाही, म्हणून लिहितो.

चाचा त्या दुकानातले पारखी. नवी सिगार आली की ते ओढून बघत, चव सांगत आणि मी ती गिऱ्हाइकांसाठी इंग्रजीत कार्डावर लिहायचो. खाली त्यांची सही. माणूस भयंकर रागीट. एक गिऱ्हाईक भसाभस झुरके घेऊ लागलं, तर म्हणाले, "अहो साहेब, चूल पेटवायची नाहीये. दमानं घ्या."

त्यांचा खरा कस लागे तो मधल्या किमतीच्या सिगारला. "महागडीचं कौतुक तिची किंमतच करते. ही मात्र माणूस पगारातून घेतो. त्याला फसवायचं नाही." पेटीतली वरची ओळ दाखवण्यापुरती असते, म्हणून ते तळातली काढत. बोटांनी दाबून गाठ शोधत, न पेटवताच एक झुरका ओढून बघत. पेटवल्यावर निम्मी संपेपर्यंत एक शब्द नाही. मी पेन धरून ताटकळलो की म्हणत, "काय कॉलेजवाले, पेपर फुटायची वाट बघताय?"

एक नवी सिगार त्यांनी निम्म्यावरच ठेवून दिली. "सुरुवात गोड, पुढे नुसती कडू. पान नीट मुरलेलं नाही. विकू नका." ते नमाजाला गेल्यावर दुकानाचे शेठ मला म्हणाले, "मलईदार, कॉफीची चव, असं लिही." माझ्यावर भरवसा ठेवून चाचा कोऱ्या कार्डांवर आधीच सह्या करून ठेवत. मी लिहिलं. नोकरी जाईल अशी भीती होती. हे कारण आता माझं मलाच पटत नाही. शेठचा संताप येतो, त्याहून जास्त माझा.

आठवड्यात एक जुनं गिऱ्हाईक कार्ड घेऊन आलं. "चाचा, तुमची सही बघून सिगार घेतली. ही कॉफी?"

चाचांनी कार्ड माझ्यापुढे धरलं. "वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. शिवी देतील, कानाखाली मारतील असं वाटलं. ते गिऱ्हाइकाकडे वळले. "माफ करा. माझी जीभ चुकली."

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. त्यांच्या घरी जायचं धाडस मला कधीच झालं नाही.

परवा मंडईत त्यांचा मुलगा भेटला. चाचा गेले, दोन महिने झाले. तो म्हणाला, "काम का सोडलं विचारलं की अब्बा एवढंच म्हणायचे, जिभेची चव गेली. तुम्ही तर रोज शेजारी बसायचात. खरंच गेली होती का हो?"