समाजीभाऊंचे दोन मामा

सौदीतल्या रास तनुराच्या कामगार कॅम्पात शुक्रवारची सुट्टी कुणालाही देऊन टाकणारा एकच माणूस होता, समाजीभाऊ. बदल्यात शनिवार मागत. मी टाइमकीपर, हजेरीपट माझ्याकडे. वर्षभर मुकाट्याने बदलून दिला, मग एकदा विचारलंच. पाईपफिटरचे जाडजूड हात पुसत ते म्हणाले, "मोहन, आम्ही बेने इस्राएल. शनिवारी आमच्याकडं चूल पेटत नाही. व्हिसा मिळावा म्हणून एजंटाने कागदावर ख्रिश्चन लिहिलंय, ते तसंच राहू दे." अलिबागकडचा, माझ्याहून अस्सल मराठी बोलणारा हा माणूस ज्यू आहे हे मला तेव्हा कळलं, आणि ते पोटात ठेवायचं आहे हेही.

शांत बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. जेवतानाही टाचा हलत. त्या हिवाळ्यात तर खोलीच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या. गावच्या प्रार्थनाघरात प्रार्थना चालवणारे हझान वारले होते. पोरांना हिब्रू शिकवणारं कुणी उरलं नव्हतं. परदेशातल्या दोन रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, शिक्षक पाठवायची तयारी दाखवली, पण त्या दोघांचं आपसात पटेना. भाऊंचा थोरला भाऊ गावाहून फोनवर त्यांची पत्रं वाचून दाखवी. इथून उघड बोलायची चोरी, म्हणून रब्बींना मामा म्हणायचं ठरलेलं. "थोरले मामा काय म्हणतात? आणि धाकटे?" असं हे मोबाईलवर ओरडून विचारत. कॅम्पाला वाटे, आजोळच्या जमिनीचा तंटा आहे.

थोरल्या मामांची अट होती, नवसाच्या प्रसादाचा तुमचा मलिदा सोडा, तो विधी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून उचललेला आहे. धाकटे म्हणत, मलिदा खुशाल करा, पण त्यांचा माणूस येणार असेल तर माझा येणार नाही. अट मान्य असल्याच्या कागदावर प्रार्थनाघराचे विश्वस्त म्हणून सही समाजीभाऊंची लागणार होती. "गळती कुठं आहे ते बघावं, पाईपला शिव्या देऊ नयेत," हे त्यांचं नेहमीचं सांगणं. इथं मात्र गळती सापडेना.

एका शुक्रवारी त्यांनी मला खोलीत बोलावलं. ताटात भिजवलेले पोहे, त्यात साखर, ओला नारळ, वेलची; बाजूला पाच फळं, पैकी एक इथलाच खजूर. एलियाहू नबीच्या नावाने काही पुटपुटून त्यांनी ताट पुढं केलं. "खा, शेवटचा मलिदा. पोरांसाठी सही केली." मला फार वाईट वाटलं.

पंधरा दिवसांत थोरल्यांचं नवं पत्र आलं. मलिदा सोडलात, बरं केलंत. आता तुम्ही ज्यू असल्याची खात्री पटावी म्हणून सगळ्यांनी नव्याने दीक्षेचं स्नान करा. धाकट्यांनी तर सहीचं ऐकूनच अंग काढून घेतलं होतं. भाऊ खाटेवर बसले. टाचा पहिल्यांदाच हलत नव्हत्या. "आमच्यात आई ज्यू तर मूल ज्यू. मग माझी आई कोण होती रे?" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कफिलाकडं, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडं जाऊन कायमचं परत जायची परवानगी मागितली. "मीच शिकवतो पोरांना. येतं तेवढं."

त्यांची बॅग बसपर्यंत नेताना मी विचारलं, "आणि चुकीचं शिकवलंत तर?"

"चुकलं तर दोघांपैकी एक मामा दुरुस्त करायला तरी येईल."

पाच वर्षांनी ते गावीच वारले. त्याच्या थोडं आधी फोनवर मी विचारलं होतं, आलं का कुणी?

"नाही रे," ते म्हणाले. "पण आता पोरंच मला दुरुस्त करतात."