रेग्युलेटर अकोल्यात, फ्राइड राइस ओव्हनमध्ये

गॅस दोनदा सुरू राहिला, हे कबूल. दुसऱ्या वेळी दूध आटून गंजाचा, म्हणजे पातेल्याचा, पार कोळसा झाला आणि नेमकी तेव्हाच पोरगी अकोल्याहून येऊन दारात उभी. ती ओरडली नाही. तिनं सिलेंडरचं रेग्युलेटर काढलं अन् पर्समध्ये टाकलं.

"बाबा, आता अकोल्याले चला माह्याकडे. आई असती तर गोष्ट वेगळी होती."

"अमरावती सोडून मी कुठीच येत नाही."

"मंग पुढच्या रविवारी येतो मी. काहीतरी धड रांधून दाखवा. नाही जमलं तर बॅग भरून ठेवा."

"अन् गॅसबिगर कसं रांधू, पोरी?"

"थे तुमचं तुमी पाहा."

ही पोरगी एखाद्या वकिलाच्या घरी जन्माले यायची, चुकून माझ्या घरी आली.

मी शिकलो सातवी. पण सारी उमर कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर गेली, म्हणून मशीनले मी भेत नाही. घरात एक ओव्हन होता. पोरीला केकचा नाद होता तेव्हा घेतलेला. ती सासरी गेली, तेव्हापासून त्याच्यावर बायकोनं विणलेला रुमाल अन् त्यावर टीव्हीचा रिमोट. ओव्हनची एक गोष्ट मला पटली. घंटी वाजली की तो आपोआप बंद होते. माणूस विसरला तरी तो विसरत नाही.

रविवारी सकाळी मोबाइलवर एका बाईचा व्हिडिओ लावला. ओव्हनमध्ये फ्राइड राइस. बाई म्हणे, ओव्हन आधी तापवून घ्या. घेतला. काचेवर धुळीचा थर, आत कोण पाहते? इकडे तांदूळ धुतले, गाजर-कोबी चिरली, वाटाणे, तेल, मीठ, सोया सॉस, दुप्पट पाणी टाकून भांड्यावर चांदीची पन्नी घट्ट बसवली.

तेवढ्यात वास आला. भाजल्या पापडाचा.

दार उघडलं तर आत जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा डबा. फडक्यानं धरून बाहेर काढला. आत बायकोचे ज्वारीचे पापड. तिला जाऊन दहा महिने झाले. या पापडांसाठी मी माळा पाहिला, दिवाण पाहिला, संपले म्हणून गप बसलो. मी एका बैठकीत दहा खातो म्हणून ती दर साल लपवायची जागा बदलायची. या खेपेला सांगायचं राहून गेलं. वरचे काळे झाले होते, मधले मस्त खरपूस, खालचे तसेच कच्चे.

"चोट्टी कुठली!" मी तिच्या फोटोला म्हटलं. मग खाली बसलो. उठायला वेळ लागला.

भात मात्र लावला. पाऊण तासानं पन्नी काढली, हलवला, आणखी दहा मिनिटं ठेवला. घंटी वाजली, ओव्हन बंद. पोरगी हजर.

तिनं एक घास खाल्ला. "वरचा भात कडक हाये, बाबा. मीठ तर समुद्राचं आणलं काय सारं?"

"पापडासंगं खा."

तिनं पापड मोडला, तोंडात टाकला अन् थांबली. आईचा हात तिला सांगावा लागत नाही.

"हे कुठी सापडले?"

"ओव्हनात."

ती हसली अन् पदरानं डोळे पुसले. मग सारं ताट चाटूनपुसून खाल्लं, कडक भातासकट.

"रेग्युलेटर देत नाही मी," ती म्हणे. "ओव्हनवरच रांधत जा. पुढच्या रविवारी पुन्हा पाहतो. मीठ अर्धं टाका."

बॅग मी भरलीच नव्हती. ती रिकामीच पडली आहे हे पोरीनं पलंगाखाली वाकून पाहून घेतलं, मग विचारलं, "बाकीचे पापड कुठी हायेत?"

"संपले."

खालचे कच्चे अजून आहेत. कुठी ठेवले ते इथं लिहीत नाही. पोरगी वाचते.