बलभीमच्या जीपचा झोपाळू काटा

लोहाऱ्याच्या दूध संस्थेच्या जीपवर बलभीम ड्रायव्हर होता. पण गावात विचाराल तर जीप बलभीमचीच होती आणि संस्था तिच्यावर बसून फुकट फिरत होती. सकाळी तो आधी जीपचं तोंड पुसायचा, मग स्वतःचं धुवायचा. बायको सारजाबाई म्हणायची, "खरी सवत असती तर निदान भाकरी तरी थापल्या असत्या तिनं."

जीपवर येण्याआधी बलभीमनं विहिरींवर पंप बसवले होते. पाइपाच्या आट्यांवर सुतळी गुंडाळायची, वरून सफेदा हे पांढरं लुकण चोपडायचं आणि जोड आवळायचा. त्याच्या जोडातून कधी थेंब गळला नाही. ही गोष्ट घडली त्या उन्हाळ्यात तर गावात टँकर आला की घागरींची मारामारी व्हायची. आपल्या रेडिएटरचं पाणी आठ-आठ दिवस हलत नाही, ही फुशारकी बलभीम त्या गर्दीतच उभा राहून मारायचा. बायका तोंडात पदर धरून हसायच्या.

घोळ घातला तो टेंपरेचरच्या काट्यानं. इंजन थंड असलं तरी काटा उडी मारून लाल खुणेवर जाऊन बसायला लागला. शेजारी बसलेले चेअरमन आण्णासाहेब तेवढ्यानं दचकायचे. "थांबव! पेटंल की रं!" अखेर ते वैतागले.

"चार दिसांत काटा नीट कर. न्हायतर गाडी सोलापूरला धाडतो, आन् माघारी आणायला आमच्या भाच्याला बसवतो. मग ऱ्हाईल तोच गाडीवर."

भाच्याचं नाव निघालं तसा बलभीम काट्याच्या मागंच लागला. या भाच्यानं मागं मोटारसायकल थेट तालमीच्या भिंतीत घातली होती आणि वर भिंतच मधी आली म्हणून सांगत फिरला होता.

दोष होता अंगठ्याएवढ्या पितळी सेन्सरचा. हा गडी इंजनाच्या पाण्यात बुडून बसतो आणि पाणी किती तापलंय ते तारेतून काट्याला कळवतो. बलभीमनं सोलापूरहून नवा आणवला आणि स्वतः बसवला. अगदी मन लावून बसवला. काटा जो खाली निजला, तो निजलाच.

आण्णासाहेब खूश. "बघा, कशी गार केली गाडी!" भाचा मागं पडला. बलभीम छाती काढून चालायला लागला.

दोन दिवसांनी नळदुर्गाला दूध घालून दोघं रिकाम्या कॅनांसह परतत होते. हमरस्त्यावर धुरपदाबाईच्या ढाब्यापुढं बॉनेटमधून भसाभसा वाफ निघाली.

आण्णासाहेबांनी काट्याकडं बोट दाखवलं. "आरं, ह्यो तर झोपलाय!"

पंख्याचा पट्टा सैल पडला होता. बलभीमनं तो ताणला. पण काट्यानं आधी सांगायला नको होतं का? बलभीमला मोटारसायकलवाला भाचा स्टेअरिंगवर बसलेला दिसायला लागला.

इंजन निवेपर्यंत चहा झाला. मग बलभीमनं सेन्सरची तार काढली, इंजनाच्या लोखंडाला टेकवली. काटा टुणकन वर गेला.

"मीटर जित्ता हाय. तार बी जिती हाय."

"मग मेलंय कोण?" आण्णासाहेब म्हणाले.

त्यानं सेन्सर खोलला, भोकात बाभळीची खुटी ठोकली. तेवढ्यात निसटलेलं पाणी धुरपदाबाईनं परातीत धरलं. मग तिच्याकडून उकळत्या पाण्याचं पातेलं आणून त्यानं इंजनाच्या डोक्यावरच ठेवलं, सेन्सरला तार जोडली आणि त्याचं टोक पातेल्याच्या बुडाला टेकवलं.

"चढला! चढला!" जीपमध्ये काट्यावर नजर ठेवून बसलेले आण्णासाहेब ओरडले.

बलभीम डोकं खाजवायला लागला. पातेल्यात बोलतोय आणि इंजनात मुका?

धुरपदाबाई सेन्सर निरखत म्हणाली, "बाबा, हितं ह्येचं उघडं टोक भांड्याला लागलंय. तिथं तू त्येला गोधडी पांघरून निजवलंस. बाळंतीण हाय का काय?"

बलभीमनं बघितलं. आट्यांवर सुतळीचे वेढे, वर सफेद्याचा लेप. थेंब गळू नये म्हणून त्यानं पंपाच्या पाइपासारखंच आवळलं होतं. पण हा सेन्सर इंजनाच्या लोखंडाला अंग लावून त्यातून वीज खेळली तरच बोलतो; पातेल्याच्या बुडातून ती खेळली, इंजनात मात्र तेच अंग त्यानं झाकून टाकलं होतं!

त्यानं सुतळी ओरबाडली, सेन्सर उघडाच आवळला, परातीतलं पाणी गाळून परत घातलं. गाडी सुरू झाली. काटा हळूहळू उठला आणि मध्यावर शहाण्यासारखा थांबला. खाली मात्र आट्यांतून एक थेंब पाझरला.

"बलभीम, गळतंय की रं!" आण्णासाहेब मिश्कीलपणे म्हणाले.

बलभीमनं मान खाली घातली. "गळू द्या आण्णा. खरं तरी बोलतंय."

आण्णासाहेब खदखदून हसले. "चल मग, घरी ने. भाच्याला आमी दुसरं कायतरी बघू."

पुढं निवृत्त होईस्तोवर बलभीमच त्या जीपवर होता. गाडी उभी केली की तो थेंबाखाली डबा ठेवायचा, आणि भरलेला डबा सारजाबाईच्या तुळशीला जायचा. हा थेंब आपण मुद्दाम ठेवलाय, असं तो टँकरच्या गर्दीत सांगायचा. नळदुर्गाकडून कुणी आलेलं असलं की मात्र गप्प बसायचा. धुरपदाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाबरोबर गोधडीची गोष्ट फुकट वाढत होती.